शुगर कितव्या वर्षी निघाली?

शॉमबर्गच्या पूर्वेकडे, २९० क्रमांकाच्या महामार्गाला लागून मार्टिनगेल रोड जातो. काचेच्या इमारती, भोवती गाड्यांनी भरलेली पार्किंगची मैदानं, आणि जवळच १९७१ साली सुरू झालेला वुडफील्ड मॉल. शिकागोच्या या उपनगरातली माणसं या रस्त्यावरून रोज कामाला जातात. पण इथल्याच एका इमारतीत सोसायटी ऑफ ॲक्चुअरीज या संस्थेचं मुख्य कार्यालय अनेक वर्षं होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. ॲक्चुअरी म्हणजे विमागणितज्ञ. चाळिशीतल्या एक लाख माणसांपैकी पन्नाशी किती जण पाहतील, साठी किती जण आणि सत्तरी किती जण, याच्या सारण्या ही मंडळी बनवतात. विम्याचा हप्ता आणि पेन्शनची रक्कम त्याच सारण्यांवर ठरते.

मधुमेहाचं या हिशेबाशी जुनं नातं आहे. १९२२ साली टोरांटोत पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी मधुमेह झालेलं मूल क्वचितच काही वर्षांपेक्षा जास्त जगत असे. इन्सुलिननंतर रोगी जगू लागले, आणि प्रश्न बदलला: आता किती वर्षं? बोस्टनच्या डॉ. इलियट जॉस्लिन यांनी आपल्या हजारो रोग्यांच्या नोंदी ठेवल्या आणि मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीच्या संख्याशास्त्रज्ञांच्या मदतीने त्यांचा अभ्यास केला. रोग लागला त्या वयात आणखी जितकी वर्षं मिळतील असा अंदाज असे, त्याहून अधिक जगलेल्या रोग्यांना ते पदक देत. जॉस्लिन यांचं मोजमाप सुरू होई ते रोग लागल्याच्या तारखेपासून.

आपण मात्र वेगळंच विचारतो. कुणाला मधुमेह झाल्याचं कळलं की पहिला प्रश्न असतो, 'किती आहे?' मग आकडे सांगितले जातात: उपाशीपोटी एकशे साठ, जेवणानंतर अडीचशे, एचबीए१सी (म्हणजे दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज) साडेसात. उपासाच्या पदार्थांवर, मेथीदाण्यांवर, जांभळाच्या बियांच्या पुडीवर चर्चा होते. शुगर कितव्या वर्षी निघाली, हे कुणी विचारत नाही. नोकरीच्या वर्षांचा विचार करायचा तर खरा प्रश्न हाच आहे, असं मला वाटतं, आणि हा लेख त्यासाठीच लिहितो आहे.

२०२३ साली 'लॅन्सेट'च्या मधुमेहविषयक नियतकालिकात १९ श्रीमंत देशांतल्या सुमारे १५ लाख माणसांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतले मृत्युदर धरून त्यात काढलेला अंदाज असा: पन्नाशीतल्या माणसाला मधुमेह पन्नाशीतच निघाला असेल, तर मधुमेह नसलेल्या समवयस्कापेक्षा त्याचं आयुष्य सरासरी ६ वर्षांनी कमी भरतं. चाळिशीत निघाला असेल तर १० वर्षांनी. तिशीत निघाला असेल तर १४ वर्षांनी. दहा वर्षं आधी लागलेल्या रोगाची किंमत आयुष्यातली आणखी चार वर्षं. ही सरासरी आहे, कुणा एकाची कुंडली नव्हे. औषधं वेळेवर घेणारा, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणारा, सिगारेट न ओढणारा माणूस या सरासरीच्या बराच पुढे जाऊ शकतो. तरीही तिशी आणि पन्नाशी यांतला फरक नजरेआड करता येत नाही, कारण आपल्या भारतीय लोकांना हा रोग लवकर गाठतो.

त्याचा पुरावा शिकागोतच आहे. 'मसाला' या नावाने ओळखला जाणारा एक दीर्घकालीन अभ्यास २०१० पासून चालू आहे. अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयाचा आणि रक्तवाहिन्यांचा हा अभ्यास दोन ठिकाणी सुरू झाला: सॅन फ्रान्सिस्कोत आणि शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात. सुरुवातीला ४० ते ८४ या वयोगटातल्या ९०६ जणांना तपासलं. वयाचा फरक जमेस धरून इतर समूहांशी तुलना केली तेव्हा गोऱ्या अमेरिकनांत मधुमेहाचं प्रमाण ६ टक्के, चिनी वंशाच्या लोकांत १३, लॅटिनोंत १७, कृष्णवर्णीयांत १८ आणि दक्षिण आशियाई लोकांत २३ टक्के निघालं. ही माणसं बहुतेक सुशिक्षित, चांगल्या नोकऱ्यांतली. इतर समूहांत शिक्षण आणि पैसा वाढला की मधुमेह कमी होतो. आपल्याकडे हे कवच फारसं उपयोगी पडलेलं दिसत नाही.

याचं कारण समजून घ्यायला शॉमबर्गहून पुण्याला यावं लागतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपला आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे उंचीच्या मानाने वजन समान, आणि दोघेही बारीक म्हणावेत असे. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण मोजलं तर युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचं २१.२ टक्के! एका फोटोत एवढं सगळं मावलं आहे. आपलं शरीर वरून सडपातळ दिसतं, पण आत, विशेषतः पोटात, चरबी साठवतं, आणि स्नायू त्या मानाने कमी असतात.

ही गोष्ट जन्मापासून सुरू होते, हेही याज्ञिकांच्याच गटाने दाखवलं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गर्भवती स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या बाळांचा अभ्यास हाती घेतला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. पुण्याच्या बाळाचे स्नायू, पोटातले अवयव, सगळंच लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र जवळपास तेवढीच टिकलेली. आईच्या पोटात अन्न तुटपुंजं मिळालं तेव्हा शरीराने स्नायूंवर काटकसर केली आणि चरबी राखली. पुढे याच शरीराला भरपूर भात, गोड चहा आणि दिवसाचे आठ-दहा तास खुर्ची मिळाली, की रक्तातली साखर उचलून घ्यायला पुरेसे स्नायू नसतात. आपण जेवतो तेव्हा रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा सांगाड्याचे स्नायू उचलतात. पोटातली चरबी इन्सुलिनच्या कामात आडकाठी आणते. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडून तोल सांभाळत राहतं, वर्षानुवर्षं, कुणाला कळूही न देता, आणि एक दिवस दमतं. मधुमेहाचं निदान होतं तोवर इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची क्षमता साधारण निम्म्यावर आलेली असते, असा ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे.

म्हणूनच अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीचा उंबरठा खाली आणला. इतरांसाठी बीएमआय २५, आपल्यासाठी २३. एकशे सत्तर सेंटिमीटर उंचीच्या माणसाला २५ म्हणजे साधारण ७२ किलो आणि २३ म्हणजे साडेसहासष्ट. या साडेपाच-सहा किलोंच्या पट्ट्यात असंख्य मराठी माणसं आहेत. आरशात पाहून ती स्वतःला बारीक समजतात आणि दवाखान्यातही त्यांना 'वजन छान आहे' असं सांगितलं जातं. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरपेक्षा जास्त आणि बाईची ८० पेक्षा जास्त असली, तर वजनकाटा काहीही म्हणो, रक्त तपासून घ्यावं.

आता नोकरीच्या वर्षांकडे वळू. विमागणितज्ञ आयुष्य एका रेषेने मोजत नाहीत. जिवंत असण्याची वर्षं वेगळी, आणि जिवंत असून काम करता येण्याची वर्षं वेगळी. मधुमेह दुसऱ्या रेषेला पहिलीपेक्षा आधी हात घालतो. फ्रान्समधल्या सरकारी वीज-गॅस कंपनीच्या कर्मचाऱ्यांवर अनेक वर्षं चाललेल्या एका अभ्यासात असं आढळलं, की ३५ ते ६० या वयात मधुमेही कर्मचाऱ्याची सरासरी १.१ वर्षं नोकरीबाहेर गेली. कुणी अपंगत्वामुळे थांबलं, कुणी मुदतीआधी निवृत्त झालं, कुणी दगावलं. लक्षात घ्यायचं ते असं, की ती पक्की नोकरी होती, पाठीशी सरकारी आरोग्यव्यवस्था होती, आणि तरी वर्षाहून थोडी अधिक तूट आली. अमेरिकेत पन्नाशी-साठीच्या लोकांवर १९९०च्या दशकात झालेल्या पाहणीत, मधुमेही पुरुष कामावर असण्याची शक्यता इतरांपेक्षा ७.१ टक्क्यांनी आणि स्त्रियांच्या बाबतीत ४.४ टक्क्यांनी कमी दिसली.

हे घडतं कसं? एकदम होत नाही, आणि म्हणूनच लक्षात येत नाही. वाढलेली साखर सगळ्यात आधी बारीक रक्तवाहिन्यांना पोखरते. डोळ्याच्या पडद्यावरच्या वाहिन्या झिरपू लागतात. अमेरिकेत कामाच्या वयात नव्याने अंधत्व येण्याच्या कारणांत मधुमेह पहिला आहे. मूत्रपिंड निकामी होण्यामागचंही तेच पहिलं कारण. डायलिसिस म्हणजे आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तासांच्या आसपास, वर जाण्यायेण्याचा वेळ आणि नंतरचा थकवा. एवढं सांभाळून पूर्णवेळ नोकरी टिकवणारी माणसं आहेत, पण थोडी. तळपायाची संवेदना जाते, मग दिवसभर उभं राहणाऱ्या दुकानदाराला, नर्सला, वेअरहाउसमधल्या कामगाराला जखम झाली तरी कळत नाही. खांदा आखडण्याचा त्रास मधुमेह्यांना इतरांपेक्षा कितीतरी जास्त होतो. हात वर जात नाही, रात्री कूस बदलता येत नाही. दिवसभर कीबोर्डवर बोटं चालवणाऱ्याला मनगटातली नस दाबली गेल्याने येणाऱ्या मुंग्याही यांतच मोडतात. यांपैकी कशालाच 'मधुमेहामुळे नोकरी गेली' असं नाव मिळत नाही. माणूस म्हणतो, खांदा दुखतो म्हणून कमी केलं, डोळे थकतात म्हणून थांबलो.

पैशाच्या हिशेबातही हेच दिसतं. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली देशाला मधुमेहाचा एकूण भार ४१,२९० कोटी डॉलर पडला. त्यात औषधोपचार वगळून, केवळ हुकलेल्या कामाची किंमत १०,६३० कोटी. कामावर गैरहजर राहिल्यामुळे झालेलं नुकसान त्यात अवघं ५४० कोटी आहे. कामावर हजर असूनही पूर्ण ताकदीने काम न झाल्याचं ३,५८० कोटी. अपंगत्वामुळे काम सुटल्याचं २,८३० कोटी, अकाली मृत्यूचं ३,२४० कोटी. मधुमेही माणूस रजा फार घेत नाही. तो कामावर येतो, जेवणानंतरच्या जडपणाशी झगडतो, रात्री तीनदा उठल्याने अर्धवट झोपेत मीटिंगला बसतो, आणि शेवटी ज्या वर्षी थांबायचं ठरवलं होतं त्याआधीच थांबतो.

इथे शॉमबर्गच्या मराठी घरांची स्थिती फ्रान्सच्या वीज कर्मचाऱ्यापेक्षा खूप वेगळी आहे. आरोग्यविमा नोकरीला बांधलेला. सरकारी मेडिकेअर पासष्टीला मिळतं. साठीला नोकरी सुटली तर मधली पाच वर्षं स्वतःच्या खर्चाने काढायची. जुन्याच विम्यावर पदरचे पूर्ण पैसे भरून राहता येतं, पण साधारण अठरा महिने. पूर्वी नवा विमा घेताना मधुमेह हाच अडसर ठरे. २०१४ पासून जुन्या आजारामुळे विमा नाकारता येत नाही, हा मोठा दिलासा आहे. एच-वन व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली, तर दुसरी शोधायला मिळतात ६० दिवस. ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांची पंधरा-वीस वर्षं सहज जातात. म्हणजे ज्या वयात मधुमेह आपल्याला गाठतो, नेमक्या त्याच वयात नोकरी, विमा आणि या देशात राहण्याचा हक्क एकाच खुंटीला टांगलेले असतात.

सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनचा हिशेबही कुणीतरी आपल्याला नीट समजावून सांगायला हवा होता. ही पेन्शन सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांवरून ठरते. ३५ भरली नाहीत, तर उरलेली वर्षं शून्य धरून सरासरी काढतात. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्ण पेन्शनचं वय ६७. समजा एक जण तिशीला इथे आला. ६७ पर्यंत काम केलं, तर त्याची ३७ वर्षं होतात. साठीला थांबला तर तीसच, म्हणजे पाच शून्यं. इथेच जन्मलेला, बाविशीला नोकरी धरलेला शेजारी साठीला थांबला तरी त्याची ३८ होतात. भारतातल्या नोकरीची वर्षं यात जोडता येत नाहीत, कारण दोन देशांत तसा करार नाही. मधुमेहाने शेवटची चार-पाच वर्षं खाल्ली, तर स्थलांतरिताला ती सगळ्यात महाग पडतात.

बायकांच्या बाबतीत हे दुप्पट खरं आहे. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या कितीतरी शिकलेल्या स्त्रियांना वर्षानुवर्षं काम करता येत नव्हतं. २०१५ पासून त्यांच्यातल्या काहींना परवाना मिळू लागला. नोकरी उशिरा सुरू होते, मध्ये बाळंतपणं येतात. दक्षिण आशियाई स्त्रियांत गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण जास्त आहे, आणि ज्यांना तो झाला त्यांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा सात पटींहून अधिक. बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत साखर पुन्हा तपासायची असते, आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी. पण त्या आठवड्यांत सगळं घर बाळाच्या वजनाकडे पाहत असतं. पुण्याहून आलेली आजी डिंकाचे लाडू करण्यात गुंतलेली असते, बाळाच्या आईची तपासणी राहून जाते. बाळंतिणीची ही एक चाचणी चुकू नये, याची आठवण घरातल्या प्रत्येकाने ठेवावी. पस्तिशीत पुन्हा नोकरीला लागलेल्या बाईची पुढची तीस वर्षं त्या चाचणीवर अवलंबून असू शकतात.

कायदा आपल्या बाजूला आहे, हेही सांगितलं पाहिजे. १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यात २००८ साली दुरुस्ती झाली, आणि मधुमेह त्याच्या संरक्षणात येतो याबद्दल फारशी शंका उरली नाही. पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी साखर तपासायला, इन्सुलिन घ्यायला, वेळेवर खायला मधली सुट्टी मागता येते. नोकरी देण्याआधी आजाराबद्दल विचारायची मालकाला परवानगी नाही. मोठ्या कंपनीत वर्षभर काम केलेल्याला आजारासाठी वर्षाला बारा आठवड्यांची बिनपगारी, पण नोकरी शाबूत ठेवणारी रजा मिळते, आणि ती तुकड्यातुकड्यांनीही घेता येते. सगळीच दारं उघडी आहेत असं नाही. सोशल सिक्युरिटीने २०११ साली केवळ मधुमेहाच्या नावावर अपंगत्व मान्य करणारी नोंद आपल्या यादीतून काढली. आता डोळे, मूत्रपिंड, पाय यांचं काय झालं ते दाखवावं लागतं. पण सवलत मागणं म्हणजे दुबळेपणा, ही आपली समजूत फार नुकसान करते. मीटिंगमध्ये हात थरथरतात, कपाळावर घाम येतो, साखर उतरलेली असते, तरीही खिशातली साखरेची गोळी तोंडात टाकायला माणूस लाजतो. असं लाजू नये.

उपाय नवे नाहीत, पण त्यांची ताकद मोजलेली आहे. अमेरिकेत ३,२३४ जणांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं असं ठरवलं, तेव्हा मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी भारतीयांवर तसाच प्रयोग केला तेव्हा घट साधारण २८ टक्के आली. कमी, पण दहापैकी जवळजवळ तिघांचा रोग टळला किंवा लांबला. इथे लांबणं महत्त्वाचं आहे. चाळिशीऐवजी पन्नाशीत निघालेला मधुमेह म्हणजे काय, ते वर पाहिलंच.

शॉमबर्गला लागूनच बसी वुड्सचं जंगल आहे, तळ्याकाठाने मैलोन् मैल पायवाट आहे, कुंपणात एल्क हरणांचा कळप आहे. जानेवारीत हाडं गोठवणारा वारा सुटला, की वुडफील्डच्या आतल्या लांबलचक गल्ल्या चालायला उपयोगी पडतात. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललं तरी पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, इन्सुलिनची फारशी वाट न पाहता. याबरोबर थोडा व्यायाम वजनं उचलण्याचा असावा, कारण आपली उणीव स्नायूंचीच आहे. रोजच्या ताटात भात-पोळी कमी आणि उसळ, डाळ, दही, अंडी, मासे अधिक घ्यावेत. तपासणी पस्तिशीपासून सुरू करावी, आणि आई-वडिलांपैकी कुणाला मधुमेह असला, कंबर वाढली असली, तर त्याही आधी. एचबीए१सी ५.७ ते ६.४ मध्ये आलं, तर 'अजून डायबिटीस नाही' असं म्हणून कागद ड्रॉवरमध्ये टाकू नये.

पुण्याजवळच्या त्या सहा खेड्यांतली बाळं आता तिशीची झाली आहेत. याज्ञिकांचा गट त्यांना अजून भेटतो, त्यांचं रक्त तपासतो. अठराव्या वर्षी तपासलं तेव्हाच मुलग्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जणांची साखर नेहमीच्या मर्यादेबाहेर सरकलेली होती. ती मुलं जाडी नव्हती, शहरातली नव्हती. त्यांच्याच वयाची, तशाच अंगकाठीची मुलं आज हिंजवडीतून व्हिसा घेऊन शिकागोला उतरतात, शॉमबर्गमध्ये दोन खोल्यांचं अपार्टमेंट घेतात, नव्या कंपनीचा आरोग्यविम्याचा फॉर्म भरतात. वर्षातून एकदा मोफत तपासणी, असं त्या फॉर्मवर लिहिलेलं असतं. त्यांनी ती पहिल्याच वर्षी करून घ्यावी.